यंदा मला न्यायला येऊ नका

वसुबारसेला आठ दिवस राहिले होते. मी गच्चीत पातळ पोह्यांना ऊन दाखवत बसले होते, एवढ्यात आत्याचा फोन आला. "अगं, यंदा मला न्यायला येऊ नका. दिवाळीला मी इथेच राहणार आहे."

पोहे तसेच टाकून मी खाली आले. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काही बोलणं झालंय का तुमचं?" ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "गेल्या खेपेला त्यांना बाहेरच्या खोलीत झोपवलं, ते लागलं असेल." म्हणजे बघा, आमच्या घरात पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात आलं ते हेच, की आपलं काहीतरी चुकलं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, मूलबाळ नाही. काका गेल्यावर सांगलीत नदीकाठच्या जुन्या वाड्यात एकटीच राहत होती. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी तिच्या खोलीत शिरलं, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला बाहेर काढलं. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला आम्ही गेलो, तर ती ओल्या पायरीवर बसून म्हणाली, "भांडी माळ्यावर चढवायचं बळ आता माझ्यात नाही." महिन्याभरात तिने स्वतः चौकशी केली, स्वतःच्या ठेवीतून पैसे भरले आणि गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात अकरा नंबरची खोली घेतली.

मी तिला "आमच्याकडे ये" म्हटलं होतं. पण एकदाच म्हटलं होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात सासूबाई, दोन मुलं, माझ्या अर्ध्या वेळच्या शाळेच्या वह्या. दुसऱ्यांदा म्हटलं तर ती खरंच येईल, अशी भीती वाटत होती. हे इतक्या दिवसांनी आज लिहिते आहे.

बाबांचं दुःख आणखी वेगळं. ते कोल्हापूरला माझ्या भावाकडे असतात. "मी जिवंत असताना माझी बहीण आश्रमात!" हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं की शेवटी आम्ही ऐकणंच सोडलं. आश्रमाच्या फाटकात पाय ठेवणार नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून 2021 पासून दर दिवाळीला आम्ही आत्याला चार दिवस घरी आणायचो, भाऊबिजेला बाबा यायचे, आणि तिला परत पोचवताना रिक्षात मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. आमच्या सगळ्यांच्या मनाची सोय त्या चार दिवसांवर चालली होती.

वृद्धाश्रम ही हल्लीची परदेशी टूम आहे, असं आपल्याकडे कुणीतरी म्हणतंच. पुण्यातली 'निवारा' ही संस्था डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिली, ती 1863 साली. आपल्या सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजना 1995 ची. आणि 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा झाला, त्यात तर असं आहे की मूल नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची मालमत्ता ज्या नातेवाइकाच्या हाती असेल किंवा पुढे वारशाने येणार असेल, त्याच्यावरही त्या माणसाला सांभाळायची जबाबदारी येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. ह्यांनी हे मला वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा आठवली ती आत्याची पाटल्यांची जोडी, जी तिने मला देऊ केली आहे. पाटल्या घ्यायच्या, आणि जबाबदारी म्हटलं की चार दिवसांचा फराळ!

असो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक आश्रमात गेले.

तिथे बेचाळीस माणसं, त्यांत अठ्ठावीस बायका. जेवणघराबाहेर एक फळा आहे, त्यावर रोजच्या पाळ्या लिहिलेल्या असतात: भाजी निवडणे, पूजेची फुलं, वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे, रात्री दिवे मालवणे. पाळी लावून घ्यायची सक्ती नाही, पण ज्याचं नाव फळ्यावर नाही तो जरा बाजूला पडतो. सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. पंख्यावरून वाद होतात, टीव्हीवर कीर्तन की क्रिकेट यावरून होतात, आणि एकीची बादली दुसरीने वापरली म्हणून दोघी सतरा दिवस बोलत नव्हत्या. चाळीत राहिलेल्या बाईला यात नवल वाटायचं कारण नाही.

मी गेले तर आत्या जेवणघरात टेबलाशी बसलेली, समोर परातीत हरभऱ्याची डाळ, आणि भोवती सातआठ जणी. वाद चालला होता भाजणीचा. रत्नागिरीकडच्या आजी, अकोल्याकडच्या आजी, नगरच्या दोघी बहिणी, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीच्या सासूचं तेच बरोबर. दोन दिवस हे चालल्यावर आत्याने फळ्यावरच लिहून टाकलं: तांदूळ 4 किलो, हरभरा डाळ 2 किलो, उडीद डाळ 1 किलो, मूग डाळ अर्धा किलो, धणे-जिरे अंदाजाने. अंदाज कुणाचा, यावर पुन्हा तासभर गेला. शेवटी धण्यांचा अंदाज नगरचा आणि जिऱ्याचा रत्नागिरीचा ठरला.

"आत्या, तू का येत नाहीस?" मी हळूच विचारलं.

तिने डाळीतला खडा बाजूला काढला. "तुझ्याकडे मी चार दिवस पाहुणी असते गं. जावई म्हणतात, आत्या तुम्ही बसा. तुझ्या सासूबाई म्हणतात, तुम्ही बसा. बसून बसून पाठ धरते माझी. इथे साडेसात किलोची भाजणी माझ्या हातावर आहे. मी गेले तर ह्या बायका चकल्यांचे दगड करतील." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि परत सोडताना तुझं तोंड कसं होतं ते मला बघवत नाही."

मी काही बोलले नाही. समोरची मुगाची डाळ ओढून निवडायला बसले.

यावर एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. 2022 साली मी आमच्या सहावीच्या वर्गाला या आश्रमात घेऊन गेले होते. 'आजी-आजोबांसाठी दिवाळी' असा कार्यक्रम बसवला, मुलांच्या हाती चिवड्याची पाकिटं दिली, आणि एका मुलीने म्हाताऱ्या आईला विसरलेल्या मुलाची कविता म्हटली. निम्मी मंडळी डोळे पुसायला लागली. मला वाटलं, काय छान झालं! पालकांनी फोटोही काढले. संध्याकाळी आत्याचा फोन: "बाई, तू शिकलेली ना? रडायला आम्हाला कविता लागत नाही. दोन तास खुर्चीत बसवून रडवायला कशाला आलात?" तेव्हा मला राग आला होता. पुढे आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी सांगितलं की त्या दिवाळीत चार दिवसांत नऊ मंडळं येऊन गेली. नऊ वेळा म्हाताऱ्यांना चांगले कपडे घालून रांगेत बसवलं. चिवडा इतका साठला की सादळला. आणि तुळशीचं लग्न झाल्यावर पार संक्रांतीपर्यंत फाटकाची कडी कुणी वाजवली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी फराळ घेऊन जाणार असाल, तर आधी फोन करून विचारा. तिथे निम्म्यांना मधुमेह नाहीतर रक्तदाब असतो, कवळ्या असतात. डब्यावर साखरेचं-बिनसाखरेचं लिहून ठेवलं तर स्वयंपाकीणबाई दुवा देतील. चिवड्यात मीठ बेताचं घाला, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेगळे द्या. चकलीला मोहन जरा सढळ घाला, पीठ कोमट पाण्यात भिजवा आणि वेढे तीनच काढा, म्हणजे खुसखुशीत होते आणि कवळीला झेपते. ज्यांना तीही नको त्यांच्यासाठी आत्याने त्याच भाजणीतली दोन किलो बाजूला ठेवली होती. त्याची मऊ थालीपिठं लोण्याबरोबर, तीही दिवाळीतच. शिवाय फराळापेक्षा हात न्या. चष्म्याचा निसटलेला स्क्रू बसवून देणारं, नखं कापून देणारं, मोबाईलवर नातवाचा फोटो मोठा कसा करायचा हे चौथ्यांदा न चिडता दाखवणारं माणूस तिथे फार हवं असतं. आणि दिवाळीतच जायला पाहिजे असं कुठे आहे? मार्गशीर्षातला एखादा कंटाळवाणा मंगळवारही चालतो.

2024 च्या दिवाळीला मी कार्यक्रम बसवला नाही. शाळेला सुट्टी लागल्यावर आमच्या गल्लीतल्या आठ मुलांना फक्त माती, दगड, जुनी पोती आणि मोहरी घेऊन पाठवलं. मिलिटरीतून निवृत्त झालेले एक आजोबा तिथे आहेत, ते किल्ला प्रतापगडच हवा म्हणून बसले. दुसरे भूगोलाचे मास्तर होते. त्यांनी तरुणपणी राजगड पाच वेळा चढलेला. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मधे बालेकिल्ला असा गड मातीत उभा करणं हेच खरं कसब, हे त्यांचं म्हणणं. मुलांनी मतदान घेतलं. राजगड निवडून आला. मिलिटरीवाले आजोबा अर्धा दिवस खोलीत रुसून बसले आणि मग बाहेर येऊन संजीवनी माचीची तटबंदी चुकली आहे म्हणून ती मोडून पुन्हा बांधायला लागले. मोहरी उगवून किल्ला हिरवा होईपर्यंत रोज दोघे मिळून झारीने पाणी घालत होते. माझा धाकटा रोज चिखलाने माखून घरी यायचा. विचारलं तर म्हणायचा, "आजोबांनी सांगितलंय, उद्या चोरदरवाजा."

नरकचतुर्दशीची तयारी बघून मात्र मी थक्क झाले. आपल्या घरी चारपाच माणसांची अभ्यंगस्नानं उरकताना जीव मेटाकुटीला येतो, इथे बेचाळीस! व्यवस्थापक बाई शहाण्या. तेल लावून ओल्या फरशीवर चालणं म्हणजे माकडहाड मोडून घेणं. म्हणून आंघोळीला उठणाऱ्यांच्या तीन तुकड्या केल्या होत्या. तेल खुर्चीवर बसवून लावायचं, खाली गोणपाट, तळपायाला तेल अजिबात नाही, आणि न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची. उटणं कोरडं न चोळता दुधात कालवलेलं, कारण म्हाताऱ्या कातडीला ओरखडे उठतात. ज्यांच्या घरात सासू-सासरे आहेत त्यांनी हे जरूर करून बघावं, मी घरी केलं. कारीट पायाच्या अंगठ्याने फोडायला वाकणं नको म्हणून ते पाटावर ठेवून बत्त्याने फोडलं. नरकासुराचं काय, तो कशानेही मरतो!

लक्ष्मीपूजन आमच्या घरी, ते नेहमीसारखं. पाडव्याला आश्रमात तीनच जोडपी ओवाळण्यात असतात, बाकीच्या बायका त्या संध्याकाळी लवकर खोलीत जातात, एवढंच.

राहिली भाऊबीज. मी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मी तिथे येणार नाही, तुला माहीत आहे." मी तसंच आत्याला सांगितलं. तिने एवढाच निरोप दिला, "बापूला म्हणावं, चंद्र आहे मला ओवाळायला. इथल्या बऱ्याच जणी त्यालाच ओवाळतात."

आपल्याकडे रीतच आहे, जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं. पण ज्या बाईचा भाऊ एस.टी.च्या दीड तासावर जिवंत आहे तिने? बाबा फोनवर बराच वेळ गप्प होते. मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या 'बरं'चा अर्थ आम्हाला कुणालाच लागला नाही.

3 नोव्हेंबर, रविवार. दुपारी चारच्या सुमाराला बाबा आमच्या दारात उभे. नवा सदरा, हातात साडीची पिशवी. पाणी प्यायले आणि म्हणाले, "लांब आहे का ते?"

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. कार्तिक शुद्ध द्वितीयेची कोर ती, नखाएवढी, पश्चिमेला तासाभरात मावळून जाणार. त्यामुळे बायकांची एकच घाई चाललेली. गच्चीचा जिना न चढवणाऱ्या खाली अंगणात, बाकीच्या वर. हातात ताटं, निरांजनं, वारा अडवायला पदर. आकाशात ढगाचा पट्टा होता, तो सरकेपर्यंत सगळ्या माना वर करून उभ्या. "दिसला, दिसला, नारळाच्या डावीकडे!" असं अकोल्याच्या आजी ओरडल्या आणि सगळी ताटं एकदम फिरायला लागली. विधवा, सवाष्ण, लग्नच न झालेल्या, सगळ्या. त्यांत पोस्टात नोकरी केलेल्या एक बाई आहेत. त्यांना तीन भाऊ. वाटणीच्या भांडणात गेली नऊ वर्षं एकाचाही फोन नाही. त्यांनी चंद्राला ओवाळलं, नीट नमस्कार केला आणि ताट घेऊन खाली आल्या.

बाबा हे सगळं अंगणातून बघत होते. मग आत्याने त्यांना जेवणघरात नेलं. गुडघ्यांमुळे पाटावर बसता येत नाही, म्हणून खुर्चीला पाट टेकवला, भोवती रांगोळी. टोपी घातली, कुंकू लावलं, सुपारीने आणि अंगठीने ओवाळलं. बाबांनी साडी दिली, ताटात पाचशेची नोट ठेवली आणि "अक्का" एवढंच म्हणून थांबले. आत्या म्हणाली, "चकली खा आधी. माझ्या देखरेखीखालची आहे."

दारात पोस्टातल्या बाई उभ्या होत्या. हातातलं निरांजन अजून जळत होतं. आत यावं की जावं ते त्यांना कळत नव्हतं. आमचे बाबा परक्या बाईशी कधी नजर वर करून बोलले नाहीत. पण त्या दिवशी म्हणाले, "या ना, तुम्हीही या."

त्या आल्या. त्यांच्या मागून नगरच्या दोघी बहिणी आल्या. मग रत्नागिरीच्या आजी आल्या. ज्यांना चालवत नव्हतं त्यांना धरून आणलं. बाबा मोजून अकरा वेळा ओवाळले गेले, आणि तिसऱ्या ताटानंतर त्यांचं पाकीट रिकामं झालं. मग त्यांनी ह्यांच्याकडे हात केला, ह्यांचं संपल्यावर माझ्याकडे. शेवटच्या दोन ताटांत मी माझ्या पर्समधली दहा-दहाची नाणी घातली. कपाळावर कुंकवाचे थर चढून बाबा अगदी पारावरच्या मारुतीसारखे दिसत होते, आणि मिलिटरीवाले आजोबा दारातून म्हणाले, "साहेब, पुढच्या वर्षी आमच्यासाठी थोड्या ठेवा!" तेव्हा जेवणघरात जो हशा उठला, तो बघायला फोटो काढणारं मंडळ मात्र कुणी नव्हतं.

परत येताना रिक्षात मी नेहमीच्या सवयीने बाहेर बघायला लागले. बाबाही गप्प होते. विश्रामबागेच्या चौकात आल्यावर म्हणाले, "त्या पोस्टातल्या बाईंच्या पेन्शनच्या खात्यात काहीतरी घोळ आहे. मी बँकेत होतो हे त्यांना कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "मी नाही." ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात येऊन बघतो म्हणालोय."

ते आले, आणि त्यानंतरही येतात. आमच्या घरी चहा घ्यायला थांबतात, पण मुक्कामाची पिशवी हल्ली आणत नाहीत, कारण दुपारची वेळ त्यांची तिकडे जाते. सासूबाई मधे एकदा म्हणाल्या, "तुमच्या आत्यांना विचारा, अनारशाच्या पिठाला कुणी हवंय का." मी विचारलं. फळ्यावर सासूबाईंचं नाव लागलं आहे, पाहुणे म्हणून नव्हे, पाळीत.

आणि यंदा वसुबारसेच्या आधी आत्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांपाशीच होते. "बापूला सांग, सुट्टे आणायला. आणि तू येताना सोऱ्याची चकलीची चकती घेऊन ये. आमची घासून घासून पार गुळगुळीत झालीय, काटेच पडत नाहीत."